धबधब्यापासून किती अंतरावर झोपावं?

डोंगर दुरून साजरे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. धबधब्याबद्दल अशी सोयीची म्हण कुणी करून ठेवलेली नाही. त्यामुळे एखादा प्रसिद्ध धबधबा पाहायला जायचं ठरलं की मुक्काम कुठे करायचा यावरून वाद ठरलेला. एकाला खिडकीतून धबधबा दिसणारी खोली हवी असते. दुसऱ्याचं म्हणणं, झोपायलाच तर जायचंय, गावात कुठेही उतरू आणि सकाळी बसने जाऊ. तिसरा त्याच दिवशी परत फिरायच्या बेतात असतो, कारण धबधबा म्हणजे शेवटी पाणीच, तासभर पुरे. मी या तिघांपैकी कुणाच्याच बाजूची नाही. माझं म्हणणं एवढंच की धबधबा खोलीतून दिसला नाही तरी चालेल, पण खोलीतून निघून पायी, कुणाला न विचारता, भलत्या वेळी त्याच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. यातला 'भलत्या वेळी' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

कारण प्रसिद्ध धबधब्याला ऑफिससारखी वेळ असते. बस येतात, रांगा लागतात, रेलिंगपाशी जागा मिळवण्यासाठी कोपरं वापरावी लागतात आणि संध्याकाळी सगळं पुन्हा ओस पडतं. सकाळी दहा ते चार या वेळात जगातले सगळे मोठे धबधबे सारखेच दिसतात. समोर पाणी, मध्ये मोबाईल आणि मागे पुढच्या फोटोसाठी ताटकळणारं कुटुंब. या वेळेच्या अलीकडचा आणि पलीकडचा धबधबा ज्याला हवा असेल, त्याने मुक्कामाचा विचार नकाशा समोर ठेवून करावा. हॉटेलचे फोटो नंतर पाहावेत.

खिडकीवाल्यांची बाजू आधी घेते, कारण ती मला वाटायची तितकी पोकळ नाही. नायगाराच्या कॅनडाच्या काठावर उंचच उंच हॉटेलं एका ओळीत उभी आहेत. आईचे गुडघे कुरकुरत होते म्हणून तिच्यासाठी तिथली वरच्या मजल्यावरची खोली घेतली होती. आत शिरल्याबरोबर माझी निराशा झाली. काच न उघडणारी. खाली पांढरं काहीतरी सतत पडत होतं, पण आवाज शून्य. म्यूट केलेल्या टीव्हीसमोर बसल्यासारखं वाटलं. मी तडक खाली उतरून रेलिंग गाठलं. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे फिरून परत आले, तेव्हा तिने मला खिडकीशी बोलावलं. "ती गंजकी होडी बघ. मी उठले तेव्हा बरीच वर दिसत होती, आता बुडत चाललीय. आजूबाजूचे काळे दगड तर पार गेले." नायगाराचाच सगळ्यात मोठा भाग असलेल्या हॉर्सशू धबधब्याच्या थोडं वर, खळाळत्या पाण्यात एक जुना लोखंडी तराफा अडकून पडलेला आहे. १९१८ साली तो ओढणाऱ्या बोटीपासून सुटला आणि दोन माणसांसकट कड्याच्या दिशेने वाहत निघाला. खडकांत रुतला म्हणून ती माणसं वाचली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. तराफा तिथेच राहिला. २०१९ सालच्या वादळात तो जरासा पुढे सरकला, तेवढंच. आई सकाळपासून त्याच्यावर नजर ठेवून होती.

तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, आणि त्यामागे आहे एक करार. नायगारा नदीचं पाणी कड्याच्या वरच्या बाजूलाच बोगद्यांत वळवून वीज तयार केली जाते, अमेरिकेतही आणि कॅनडातही. सगळंच पाणी वळवलं तर बघायला काहीच उरणार नाही, म्हणून १९५० साली दोन्ही देशांनी ठरवून घेतलं की पर्यटकांच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर पाणी कड्यावरून सोडायचं, आणि रात्री व हिवाळ्यात किमान त्याच्या निम्मं, म्हणजे १,४१६ घनमीटर. उन्हाळ्यात दिवस म्हणजे सकाळी आठ ते रात्री दहा. वर एक नियंत्रण बंधारा आहे, त्याची दारं वरखाली करून हा हिशोब पाळला जातो. म्हणजे 'रात्रीचा नायगारा' म्हणून रंगीत दिव्यांत आपण जो पाहतो, तो रात्र चढत गेली की निम्म्यावर आणलेला असतो. आईने सकाळी पाहिलं ते पाणी पुन्हा सोडताना. रेलिंगला टेकून उभ्या असलेल्या माणसाला हे कळत नाही. त्याला फक्त पडणारं पाणी दिसतं. कड्यामागची नदी पाहायला उंची लागते, एका जागी तास न् तास बसायची तयारी लागते, आणि बहुधा कुरकुरणारे गुडघेही लागतात. तेव्हा ज्याला चालणं कठीण आहे त्याने खिडकीची खोली खुशाल घ्यावी. फक्त ती घेऊन दिवसभर बाहेर भटकू नये. खोलीच्या दराचा अर्धा भाग त्या खुर्चीचा असतो.

त्याच खिडकीतून समोर आणखी एक गोष्ट दिसते. पलीकडच्या अमेरिकन काठावर धबधब्याला लागून हॉटेलं नाहीत, झाडं आहेत. हे आपोआप झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात त्या काठाची जवळजवळ प्रत्येक मोक्याची जागा खाजगी मालकीची होती. कुंपणं घातलेली, आत शिरायचे पैसे, कड्याला खेटून गिरण्या. लोकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड त्यात पुढे होते. १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने ती जमीन ताब्यात घेऊन इमारती हटवल्या. कॅनडानेही काठालगतची पट्टी सार्वजनिक बाग म्हणून राखली, पण तिच्या मागच्या उंचवट्यावर मनोरे उभे राहिले. गंमत अशी की त्या मनोऱ्यांतून जो 'व्ह्यू' विकला जातो, त्यातली निम्मी शोभा समोर कुणाला हॉटेल बांधू दिलं नाही यामुळे आहे. धबधब्याजवळ राहायचं म्हटलं की माझी पंचाईत होते ती इथे. मला जवळ राहायचं असतं आणि इतर कुणी जवळ राहू नये असंही वाटत असतं. दोन्ही एकदम शक्य नाही, हे मला कळतं.

मनोऱ्यांमुळे वाऱ्याची दिशा बदलते आणि तुषारांचा लोट काठाकडे ओढला जातो, असाही एक वाद मध्यंतरी रंगला होता. काही संशोधकांनी हॉटेलांकडे बोट दाखवलं, तर काहींनी सांगितलं की खरं कारण हवा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक हे आहे. निकाल काहीही असो, थंडीच्या दिवसांत त्या महागड्या खिडकीबाहेर कित्येकदा नुसतं धुकं असतं. बुकिंगच्या पानावर ते कुणी लिहीत नाही.

आता काठांविषयी. मोठ्या धबधब्यांना बऱ्याचदा दोन देश लाभलेले असतात, आणि कुठल्या देशात उतरायचं हा प्रश्न हॉटेलच्या आधी येतो. याबाबतीत एक विचित्र न्याय दिसतो. धबधबा ज्याच्या अंगणात, त्याला तो धड दिसत नाही, समोरच्याला दिसतो. नायगाराचा 'अमेरिकन फॉल्स' नीट पाहायचा तर कॅनडात जावं लागतं. इग्वासूच्या एकूण प्रवाहांपैकी सुमारे ऐंशी टक्के अर्जेंटिनात आहेत, पण ते एका नजरेत भरतात ब्राझीलच्या काठावरून. अर्जेंटिनाच्या बाजूला तुम्ही त्याच्या आत शिरता. पाण्यावर बांधलेल्या लोखंडी पायवाटा, वरून, खालून, बाजूने, आणि शेवटी 'सैतानाचा घसा' नावाची ती खोल खाच, जिच्या तोंडाशी उभं राहिलं की बोलणं व्यर्थ ठरतं. पावणेतीन किलोमीटरभर पसरलेला हा पसारा, त्यात दोन-पावणेतीनशे धारा. ब्राझीलमध्ये एक दिवस आणि अर्जेंटिनात दोन, अशी वाटणी मला योग्य वाटते. मुक्काम मात्र जिथे जास्त चालायचं आहे तिथे, म्हणजे अर्जेंटिनाच्या बाजूला, असं मी कुणालाही सांगितलं असतं. अडचण एकच आहे, ती पाकोळ्यांची.

इग्वासूला काळपट रंगाच्या पाकोळ्या, म्हणजे स्विफ्ट पक्षी, आहेत, ज्या कोसळत्या पाण्याच्या मागे ओल्या खडकाला चिकटून राहतात. घरटीही तिथेच. दिवसभर त्या उंच आकाशात किडे टिपत फिरतात आणि दिवस कलला की थव्याथव्याने परततात. ते परतणं पाहण्यासारखं असतं. आधी धबधब्यावर राखेसारखे ठिपके घिरट्या घालू लागतात. मग एखादी पाकोळी पंख मिटते आणि सरळ पाण्याच्या पडद्यावर झेप घेते. ती आदळणार असं वाटून आपला श्वास अडकतो, तोवर ती पलीकडे गेलेली असते. पडदा जिथे पातळ असतो, तिथे तो भेदून जायची अचूक जागा तिला ठाऊक असते. पाठोपाठ दुसरी, मग पाच-सहा एकदम. काही चुकून बाहेरच वळतात आणि पुन्हा मोठा वळसा घेऊन येतात. एवढ्या गडगडाटात त्यांचा आवाज काही ऐकू येत नाही. आणि हे सगळं रंगात येतं तेव्हा उद्यानाचे रखवालदार लोकांना फाटकाकडे पिटाळत असतात. शेवटची बस, चला, चला.

म्हणून उद्यानाच्या आत असलेलं हॉटेल ही एरवी चैन वाटणारी गोष्ट इग्वासूला मला रास्त वाटते. दोन्ही देशांत आत एक-एकच मोठं हॉटेल आहे. ब्राझीलचं गुलाबी रंगाचं जुनं हॉटेल तर पायवाट सुरू होते तिथेच उभं आहे. फाटक उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर ती पायवाट तिथे उतरलेल्यांची. अर्जेंटिनात पौर्णिमेच्या आसपासच्या मोजक्या रात्री सैतानाच्या घशापर्यंत चांदण्यात नेतात, पण त्यासाठी आत राहायची अट नाही, वेगळं तिकीट काढता येतं. आतलं हॉटेल परवडत नसेल तर गावात उतरून पहिल्या बसने फाटक गाठायचं. आत शिरल्यावर सगळे ज्या दिशेला पळतात त्या दिशेला न जाता उलटीकडून सुरुवात करायची. संध्याकाळच्या पाकोळ्या हुकतील, पण सकाळी त्या बाहेर पडताना सापडू शकतात.

काठ निवडताना सूर्याचाही विचार करावा. इंद्रधनुष्य दिसायचं तर सूर्य पाठीशी आणि तुषार समोर हवेत. त्याची कमान सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती साधारण ४२ अंशांवर पडते. नायगाराला कॅनडाचा काठ पश्चिमेला आहे, म्हणून तिथून इंद्रधनुष्य दुपार कलल्यावर दिसतं आणि अमेरिकेच्या काठावरून सकाळी. मैदानात सूर्य फार वर चढला की इंद्रधनुष्य क्षितिजाखाली जातं आणि दिसत नाही. धबधब्याला मात्र खाली दरी असते, तुषार आपल्या पायाखाली असतात, त्यामुळे भर दुपारीही खाली वाकून पाहिलं तर ते दरीत पडलेलं सापडतं. पौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाशातही धनुष्य उमटतं. डोळ्यांना ते जवळजवळ पांढरंच दिसतं, रंग कॅमेऱ्याला जास्त कळतात. व्हिक्टोरिया धबधब्याला त्यासाठी पौर्णिमेच्या सुमारास रात्री उद्यान उघडं ठेवतात. हॉटेलची तारीख ठरवताना मी पंचांगही पाहते ते यासाठी. घरात सगळ्यांना वाटतं, मी मुहूर्त काढतेय.

व्हिक्टोरियाचा प्रश्न निराळा आहे. तिथे आधी महिना ठरवायचा, मग देश. झांबेझी नदी १,७०८ मीटर रुंद कड्यावरून शंभर मीटरहून खोल फटीत एकदम कोसळते. मार्च ते मे या महिन्यांत पूर असतो. तुषारांचे लोट शेकडो मीटर वर जातात आणि दूरवरून धुरासारखे दिसतात, पण अगदी समोर उभं राहिलं तर अंगावर उलटा पाऊस आणि डोळ्यांपुढे पांढरा अंधार. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो, नुसता काळा खडक. पाणी तेव्हा झिंबाब्वेच्या बाजूला, मुख्य धारेत टिकून असतं. म्हणजे कोरड्या दिवसांत जाणाऱ्याने झिंबाब्वेत उतरावं. तिथलं गाव धबधब्याला इतकं लागून आहे की पायी जाता येतं. झांबियातलं लिव्हिंगस्टन हे शहर सुमारे दहा किलोमीटर आत आहे. पण माझा 'भलत्या वेळी पायी' हा नियम इथे चालत नाही. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर हत्ती फिरतात. हत्तीशी वाद घालण्यात अर्थ नाही.

या ठिकाणी मला पटलेला तोडगा म्हणजे धबधब्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठी राहणं. झांबेझीच्या काठाने वर अशी पुष्कळ ठिकाणं आहेत. तिथून धबधबा दिसत नाही. दिसते ती रुंद, संथ, बेटांमधून रेंगाळणारी नदी. पाणघोडे नाक वर काढून असतात. आणि दूर, प्रवाहाच्या दिशेला, एक पांढरा लोट सतत उभा असतो. एवढं सगळं पाणी थोड्या वेळाने कुठे जाऊन पडणार आहे हे आपल्याला माहीत असतं आणि नदीच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसत नाही. एक संध्याकाळ तिथे काढून दुसऱ्या दिवशी कड्याशी गेलं की तो कडा वेगळाच वाटतो. नदी न पाहता थेट धबधबा पाहणं मला अर्धवट वाटतं. बहुतेक सहलींमध्ये नेमकं तेच होतं, कारण गाडीतळ कायम कड्यापाशी असतो.

आवाजाबद्दल लिहायलाच हवं. हॉटेलांचे रिव्ह्यू वाचताना मी 'आवाज' हा शब्द शोधते. 'रात्रभर पाण्याचा आवाज येतो, झोप लागली नाही, एक तारा' असं कुणी लिहिलं असेल तर ती जागा मी यादीत सगळ्यात वर टाकते. आइसलँडच्या दक्षिणेला स्कोगाफॉस नावाचा साठ मीटर उंचीचा धबधबा आहे, आणि त्याच्या पायथ्याशीच तंबू ठोकायची मोकळी जागा आहे. मध्ये भिंत नाही, काच नाही, पाचेक मिनिटांत पडणाऱ्या पाण्यासमोर. तिथे पहिल्या रात्री झोप येत नाही हे खरं. आवाज कानापेक्षा पाठीला जास्त जाणवतो, जमिनीतून येतो. तासाभराने मात्र मन त्यात सूर शोधायला लागतं. एक सलग गाज असते आणि तिच्यावर मधूनच एखादा जड ठोका पडतो, पाण्याचा मोठा गोळा सुटून आल्यासारखा. वारा फिरला की गाज बाजूला सरकते, तंबूच्या कापडावर बारीक सरसर होते. सकाळी पाऊस पडलेला नसताना तंबूचं कापड ओलं आणि बूट आत ठेवलेले असूनही दमट. पाणी आपल्यापर्यंत आलं होतं, आपल्याला कळलं नाही. जूनच्या अखेरीस तिथे रात्र म्हणून धड अंधार होत नाही. बस गेलेल्या असतात आणि मध्यरात्री एक वाजता, राखाडी उजेडात, त्या प्रचंड पडद्यासमोर दोन-चार तंबूवाले दात घासत उभे असतात. मी पाहिलेल्या सगळ्या 'व्ह्यू'मध्ये हा मला सर्वांत आवडतो.

अर्थात ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी हे करू नये. अशा सोबत्याला घेऊन गेलात तर धबधब्याआधी त्याची बडबड ऐकावी लागते.

रात्र जवळ काढण्याचं आणखी एक कारण पाणी स्वतःच पुरवतं. नायगाराचं पाणी रात्री करारामुळे उतरतं, तर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी धबधब्याचं वसंतात रात्री चढतं. तो सगळा वितळत्या बर्फावर चालतो. दुपारच्या उन्हाने वर बर्फ वितळतो, ते पाणी ओढ्यांतून कड्यापर्यंत यायला कित्येक तास लागतात. दुपारी फोटो काढून परत फिरलेल्यांना जे मिळत नाही ते अंधारात कोसळत असतं, आणि पायथ्याजवळ मुक्काम करणाऱ्याला फक्त बाहेर येऊन उभं राहायचं असतं. ऑगस्टच्या अखेरीस मात्र हाच ७३९ मीटरांचा धबधबा बहुधा सुकलेला असतो. त्याच्या समोरची खोली तेव्हाही 'फॉल्स व्ह्यू' म्हणूनच विकली जात असावी.

जोगला प्रश्न असतो धुक्याचा. शरावतीच्या राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चार धारा २५३ मीटर खाली उतरतात. वरच्या अंगाला १९६४ पासून लिंगनमक्कीचं धरण आहे, त्यामुळे त्या ऐन रूपात पाहायच्या तर पावसाळाच हवा. आणि पावसाळ्यात दरी ढगांनी भरलेली असते. लोक येतात, पांढऱ्या शून्याकडे पाहतात, त्यातून येणारा आवाज ऐकतात आणि घड्याळ पाहून निघून जातात. पडदा कधीतरी दोन-चार मिनिटं फाटतो. तेव्हा तिथे असणं एवढंच आपल्या हातात. यासाठी काठाजवळची साधी खोली पुष्कळ झाली, जिच्या ओसरीवरून उठून छत्री घेऊन दहा वेळा फेरी मारता येईल. दूरच्या शहरात छान हॉटेल घेऊन बसलेल्याला 'आता दिसतोय' असं कळेपर्यंत तो पुन्हा झाकलेला असतो. दूधसागरला उलट मुक्कामाचा विचारही करू नये. जंगल आणि रेल्वेमार्ग यांच्यामध्ये त्याची जागा आहे, रुळांवरून चालत जायला बंदी आहे, आणि गाडीच्या खिडकीतून डब्याच्या अंगावर येणारं ते पाणी काही क्षण दिसतं, तेवढं पुरतं.

हॉटेल आणि धबधबा यांचं जुळलेलं लग्न पाहायचं असेल तर स्वित्झर्लंडमधलं गीसबाख. ब्रीएंझ सरोवराच्या काठावर, धबधब्याच्या अगदी समोर, १८७५ च्या सुमारास एक राजेशाही हॉटेल उभं राहिलं, केवळ त्या पाण्याकडे बघत बसण्यासाठी. बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांना वर नेण्यासाठी १८७९ साली दोरखंडाची छोटी रेल्वे बांधली, ती आजही चालते. शंभर वर्षांनी हॉटेल डबघाईला येऊन बंद पडलं. ते पाडून तिथे नवं बांधायचे बेत होते, तेव्हा फ्रान्झ वेबर या पर्यावरणवाद्याने लोकांकडून देणग्या गोळा केल्या आणि १९८३ साली एका प्रतिष्ठानामार्फत ती जागा वाचवली. उंची-रुंदीत हा धबधबा वर सांगितलेल्यांपुढे किरकोळ. पण त्याच्यासमोर नुसतं बसून राहायचं ही कल्पना त्या इमारतीत मुरलेली आहे.

बसून राहण्याचा एक विचित्र फायदाही आहे. १८३४ साली रॉबर्ट अॅडम्स नावाचा गृहस्थ स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्याकडे एकटक पाहत होता. नजर बाजूच्या खडकावर वळवली तर खडक वर सरकताना दिसला. 'धबधब्याचा भ्रम' म्हणून तो प्रकार पुढे प्रसिद्ध झाला. पडणाऱ्या पाण्याच्या एकाच जागी अर्धा-एक मिनिट टक लावून पाहायचं आणि मग शेजारच्या कपारीकडे. शेवाळ, दगड, झुडूप, सगळं हळूच वर निघतं आणि तरीही जागचं हलत नाही. मागे रांग असताना हे करता येत नाही. त्या फॉयर्सचं बरंचसं पाणी त्याच शतकाच्या अखेरीस अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी वळवलं गेलं. धबधब्यापाशी मुक्काम ठरवताना वर धरण किंवा वीजघर आहे का हे मी आता आधी विचारते. हॉटेलचा माणूस जरा बुचकळ्यात पडतो.

आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. फाटक किती वाजता उघडतं, आणि खोलीपासून तिथवरची वाट अंधारात चालण्यासारखी आहे का. 'धबधब्यापासून फक्त दोन किलोमीटर' हे सरळ रेषेतलं अंतर असतं, मध्ये दरी असते हे ते सांगत नाहीत. आणि एका रात्रीसाठी जाऊ नये. पहिला दिवस सगळ्यांनी सांगितलेल्या जागा उरकण्यात जातो, आपल्याला हवी ती जागा दुसऱ्या दिवशी सापडते.

एंजलला मात्र यातलं काहीच ठरवावं लागत नाही. व्हेनेझुएलातल्या त्या ९७९ मीटरांच्या धबधब्यापर्यंत रस्ता नाही. कनाइमापर्यंत छोटं विमान, तिथून लांबट होडीने नदी चढत जायचं, तेही पावसाळ्यात, कारण एरवी नदीत होडीपुरतं पाणी नसतं. आणि पावसाळा म्हणजे त्या सपाट माथ्याच्या डोंगरावर ढग. समोरच्या तळावर रात्री छपराखाली ओळीने हॅमॉक टांगलेले असतात. खिडकी, मजला, दिशा, काही निवडायचं नाही. सकाळी ढग हटले तर धबधबा, नाहीतर ढग. जायची इच्छा पक्की आहे. रात्रभर हॅमॉकमध्ये वाकून माझ्या पाठीचं काय होईल, एवढंच तेवढं कुणी जाऊन आलेलं असेल तर सांगा.